वगळलेली एकेचाळीस पॅकेजं

सुरेखाला कॉलेजात सगळे 'मॅडम' म्हणायचे. म्हणायला काय, कुणाच्या बापाचं काय जातंय! अकरा वर्षं झाली, बाई कंत्राटीच. दर जूनला नवा अर्ज, नवा फोटो, आणि दर जूनला घरी आई, चंद्रभागाबाई, चुलीपाशी बसून तोच प्रश्न विचारणार, "औंदा तरी झालं का गं?" चंद्रभागाबाईनं वीस हंगाम ऊस तोडला, तो लेकीच्या हातात कोयता येऊ नये म्हणून. पोरीला अंबाजोगाईला बहिणीकडं ठेवून बी.एस्सी. केलं. त्या पोरीचं अजून 'झालं' नव्हतं.

कॉलेज युसूफ वडगावच्या अलीकडं, रस्त्याला लागून. संस्था अध्यक्षसाहेबांची, जमीन अध्यक्षसाहेबांची, आणि प्राचार्य शिवशंकर सर, ते तर अध्यक्षसाहेबांचेच. पहिल्या मजल्यावर कोपऱ्यात कॉम्प्युटर लॅब. तिथली सहाय्यक सुरेखा.

लॅबमध्ये तीस मशिनं होती. कुठल्याशा ऑफिसानं भंगारात काढलेली, ट्रॅक्टरमधून पोत्यांवर घालून आणलेली. त्यावर विंडोज सुरू करायचं तर चहा करून, पिऊन, कप विसळून परत यावं, तरी पडद्यावरचं चक्र आपलं फिरतंय. एका उन्हाळी सुट्टीत सुरेखानं त्या तीसही मशिनांवरचं विंडोज काढून लिनक्स ही फुकट मिळणारी, हलकी प्रणाली टाकली. कुणी सांगितलं नव्हतं आणि कुणी शिकवलंही नव्हतं. इंटरनेटवर जगभरातल्या लोकांनी विचारलेले प्रश्न वाचायची, खालची उत्तरं वहीत उतरवायची, मग करून बघायची. बिघडायचं. पुन्हा करायची. जून लागला तेव्हा तीसच्या तीस मशिनं सुसाट पळायला लागली. प्राचार्यांनी ते बघितलं आणि म्हणाले, "अरे वा, पंखा पण दुरुस्त करून घ्या तेवढा."

दर सोमवारी सकाळी ती सगळ्या मशिनांना अपडेट लावायची. लिनक्सचं असं असतं, की सॉफ्टवेअरचं एक भांडार असतं, त्याला रेपो म्हणतात. मशीन तिथं जाऊन विचारतं, नवं काय आलंय, आणि आणून बसवतं. एकेका वस्तूला म्हणायचं पॅकेज. भांडार एक असलं, त्याची देखभाल करणारे शहाणे असले, की कशाची कटकट नाही. सुरेखाची नऊ वर्षं अशी बिनकटकटीची गेली.

मग अमरसिंहदादा पुण्याहून आले.

अमरसिंह म्हणजे अध्यक्षसाहेबांचे चिरंजीव. पुण्यात त्यांनी सॉफ्टवेअरची कंपनी काढली होती, आणि कंपनीनं विद्यार्थ्यांच्या अभ्यासाचं एक सॉफ्टवेअर काढलं होतं. ते घेणारं गिऱ्हाईक कुठून आणायचं? बापाचं कॉलेज होतं की! दादांच्या वाढदिवसाला त्याचं लोकार्पण झालं. हो, सॉफ्टवेअरचं लोकार्पण. लॅबच्या दाराला फीत बांधली, उंबऱ्यावर नारळ फोडला, तीसही पडद्यांना हळदीकुंकू लावलं, आणि दाराशेजारच्या भिंतीत संगमरवरी फलक बसवला: 'मा. अमरसिंहदादा यांच्या शुभहस्ते.' कंपनीच्या माणसानं प्रत्येक मशिनात दादांच्या कंपनीचा वेगळा रेपो जोडला, सॉफ्टवेअर बसवलं आणि जेवून पुण्याला निघून गेला. कुंकू की-बोर्डात सांडलं होतं, ते सुरेखा दोन दिवस टाचणीनं काढत बसली.

पुढच्या सोमवारी तिनं नेहमीसारखं अपडेट लावलं. मशिनानं सांगितलं, एकेचाळीस पॅकेजेस वगळली. दुसऱ्या मशिनावर तेच, तिसऱ्यावरही तेच. तिला वाटलं, नेट गंडलं असेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावलं, एकेचाळीस. साठवलेली जुनी यादी पुसून ताजी मागवली, एकेचाळीस. आता मात्र बाईचं डोकं फिरलं. वगळलं म्हणजे काय? का वगळलं, ते सांग की!

घोडं पेंड कुठं खातंय, ते शोधायला तिला तीन दिवस लागले. वगळलेल्यातलं एकच पॅकेज नाव घेऊन मागितलं, तेव्हा कुठं मशिनानं तोंड उघडलं: हे नवं बसवायचं तर त्याला अमुक लायब्ररी, म्हणजे त्याच्या आधाराचं दुसरं एक पॅकेज, नवी लागते, आणि ती लायब्ररी दुसऱ्या भांडारानं जुनीच धरून ठेवली आहे. मग तिनं कुठलं पॅकेज कुठल्या रेपोतून आलंय त्याची यादी काढली. दादांच्या रेपोत नुसतं दादांचं सॉफ्टवेअर नव्हतं. मशिनाच्या पोटातल्या निम्म्या वस्तूंच्या दोन वर्षं जुन्या प्रती त्यात भरून ठेवल्या होत्या, कारण नव्यावर ते सॉफ्टवेअर चालतच नव्हतं. आणि रेपोच्या फाइलीत एक ओळ होती: प्राधान्य एक. म्हणजे मशिनानं कधीही, काहीही विचारायचं तर आधी दादांना विचारायचं. खरं भांडार दारात नवं घेऊन उभं, आणि मशीन म्हणतंय, थांबा, दादा नाही म्हणाले.

उपाय सोपा होता. दादांचा रेपो बंद करायचा, त्यांचं सॉफ्टवेअर काढायचं आणि मशिनाला सांगायचं की मूळ भांडाराशी जुळवून घे. एवढंच. सुरेखा प्राचार्यांकडं गेली.

"सर, एकाच रोग्याला दोन डॉक्टर औषध द्यायलेत. एकाच्या गोळीवर दुसऱ्याची गोळी. दादांचा रेपो काढावा लागतो."

शिवशंकर सरांनी आधी दाराकडं बघितलं. "हळू बोला, ताई. त्याचं लोकार्पण झालंय."

"लोकार्पण झालं म्हणून बिघाड काढायचा न्हाई का, सर?"

"लोकार्पण झालेल्या वस्तूला हात लावत नसतेत. आज रेपो काढा म्हणताव, उद्या म्हणताल फलक काढा. मशीन बंद तर पडलं न्हाई ना? मग वगळतंय तर वगळू द्या की!"

आणि जाता जाता त्यांनी आठवण करून दिली, तिची कायम करायची फाइल या वेळी खरंच साहेबांच्या टेबलापर्यंत पोचली होती. सुरेखा लॅबमध्ये परत आली. सोमवार येत राहिले, मशिनं एकेचाळीस पॅकेजेस वगळत राहिली, मग सत्तेचाळीस, मग त्रेसष्ट.

असं दीड वर्ष चाललं, आणि कार्तिकात विद्यापीठाचं पत्र आलं. शेवटच्या वर्षाची लांबलेली प्रात्यक्षिक परीक्षा, केंद्र हेच कॉलेज, तीस परीक्षार्थी, तीस मशिनं. विद्यापीठाचा परीक्षेचा नवा प्रोग्राम लॅबमध्ये आधी चालवून बघा. सुरेखानं चालवून बघितला. तो सुरू होताच म्हणाला, लायब्ररी जुनी आहे, चालणार नाही, आणि बंद झाला. तीसही मशिनांवर तेच.

त्या तीस जणांत एक वैष्णवी होती. ऊसतोडीच्या टोळीवाल्या गहिनीनाथची लेक, वर्गात पहिली. घरी कॉम्प्युटर नाही, म्हणून लॅब उघडायच्या आधी पायरीवर येऊन बसलेली असायची. बापाशी तिचा रोखठोक करार होता. टोळीत एक जोडी कमी पडत होती, थोरल्या भावाला जोडीला माणूस नव्हतं. गहिनीनाथ म्हणाला होता, "पेपर दे. मंगळवारी पेपर, गुरुवारी टोळीची गाडी. पेपर झाला तर तू शिकलेली, तुला फडात नेणार न्हाई. न्हाई झाला तर गप गाडीत बसायचं." तो वाईट माणूस नव्हता. तीन वर्षं त्यानं लोकांची बोलणी खाऊन पोरीला गावात ठेवलं होतं, आणि आता त्याचेही हात टेकायचे दिवस आले होते.

सुरेखाला हे सगळं माहीत होतं. परीक्षेच्या आदल्या रविवारी तिनं शिपाई म्हाळूला फोन करून लॅब उघडायला लावली. म्हाळू किल्ल्यांचा जुडगा घेऊन आला आणि दारातच उभा राहिला.

"ताई, कावून नसती बला अंगावर घेताव? फाइल निघायलीय तुमची."

"पोरींचा पेपर हाय, म्हाळूमामा."

"तुमी अन् तुमचं नशीब बगा. मी आपलं दार उघडलं, मला काय म्हायती न्हाई."

सकाळी आठपासून ती एकेका मशिनावर बसली. रेपो बंद, दादांचं सॉफ्टवेअर बाहेर, मूळ भांडाराशी जुळवणी. नेट रडतखडत चालत होतं. दुपारी डबा उघडला तो अर्धाच खाल्ला. पाचच्या सुमारास तिसावं मशीन म्हणालं, वगळलेलं काही नाही. परीक्षेचा प्रोग्राम तीसही मशिनांवर उघडला. सुरेखा एकटीच खुर्चीत बसून हसली. दीड वर्षात पहिल्यांदा तिला आपली लॅब आपली वाटली.

सोमवारी वैष्णवी सरावाला आली. "मॅडम, लई पळायलंय की आता! काय केलंव?"

"झाडलोट केली गं जरा."

मंगळवारी सकाळी आठला प्राचार्यांचा फोन आला. अमरसिंहदादा येणार होते, व्हिडिओवाल्याला घेऊन. दादांना दाखवायचं होतं, ग्रामीण भागातल्या मुली आमच्या सॉफ्टवेअरवर परीक्षेची तयारी करतात.

"सर, ते सॉफ्टवेअर मी काढलंय."

"काढलं? कुणाला विचारून काढलं, बाई? परत टाका! आत्ताच्या आत्ता!"

"सर, अकराला पेपर हाय. ते टाकलं की जुन्या लायब्रऱ्या परत येतेत. प्रोग्राम चालणार न्हाई."

"अहो, फक्त पहिल्या रांगेत टाका. दहा मशिनं. दादा नऊला येणार, फोटो काढून सव्वानऊला जाणार. मग काढून टाका परत, मी कुठं न्हाई म्हणतो?" आणि मग आवाज खाली आणून, "ताई, तुमची फाइल आज दादांसोबतच साहेबांकडं चाललीय. मी स्वतः गाडीत ठेवणार हाय. आता तुमीच ठरवा."

तिच्या ओठांवर 'नाही' आलं होतं. अगदी आलं होतं. पण तिनं मनात गणित मांडलं: सव्वानऊ ते अकरा, पावणेदोन तास, दहा मशिनं एकदम लावली तर अर्ध्या-पाऊण तासाचं काम. बसतंय. आईचा चेहरा डोळ्यांपुढं आला. नाही म्हणायला जी हिंमत लागते, ती तिनं अकरा वर्षांत कधी वापरलीच नव्हती, मग ऐनवेळी ती कुठून यावी? तिनं स्वतःच्या हातानं पहिल्या रांगेतल्या दहा मशिनांत दादांचा रेपो परत जोडला. जुन्या लायब्रऱ्या भराभर आत आल्या. उतारावरून यायला कधी वेळ लागत नाही.

नऊ वाजले. दादा आले नाहीत. साडेनऊ, दहा. तिनं दोनदा विचारलं, काढू का? प्राचार्य दोन्ही वेळा म्हणाले, गाडी केजच्या पुढं आलीय, हात लावू नका. पाहुणे येणार म्हटल्यावर आपल्याकडं करतात तसं हुशार पोरींना पुढं आणून बसवलं होतं. तसेही परीक्षेचे बैठक क्रमांक गुणांप्रमाणेच लावलेले, एक नंबरच्या मशिनावर वैष्णवी.

दहा पस्तीसला तीन गाड्या आल्या. दादा हसतमुख, अत्तराचा घमघमाट. रांगेवरून एक फेरी मारली, पोरींना नमस्कार केला आणि थेट एक नंबरच्या खुर्चीत बसले. वैष्णवीला शेजारी उभं केलं. "तू विचार, मी तुला स्क्रीनवर दाखवतो. नॅचरल वाटलं पाहिजे." पोरीला काय विचारावं कळेना. पहिल्यांदा ती अडखळली, दुसऱ्यांदा व्हिडिओवाल्याला उजेड आवडला नाही, तिसऱ्यांदा दादांनी तिला एक बटण दाबायला लावलं. तेवढ्या वेळात सुरेखानं मागून वाकून दहा नंबरपासून दोन नंबरपर्यंत नऊ मशिनं कामाला लावली. नेट आज तिच्यावर मेहेरबान होतं. एक नंबरपाशी मात्र तिला जाता येईना, तिथं मालक बसले होते.

दादा उठले तेव्हा दहा सत्तावन्न झाले होते. सुरेखानं झडप घालून एक नंबरला जुळवणी लावली. निम्मी पॅकेजं उतरली असतील नसतील, तोच विद्यापीठाचे परीक्षक मागून म्हणाले, "अकरा वाजले. कर्मचाऱ्यांनी मशीनपासून दूर व्हावं." वयस्कर, कडक माणूस, त्यांनी स्वतःच्या हातानं एक नंबरचं चालू काम बंद केलं आणि परीक्षेचा प्रोग्राम उघडायला सांगितला. एकोणतीस पडद्यांवर प्रश्नपत्रिका आली. एक नंबरचं मशीन अर्धं नवं, अर्धं जुनं होऊन बसलेलं. ते ना इकडचं राहिलं ना तिकडचं. प्रोग्राम उघडायचा आणि मिटायचा.

वैष्णवीनं हात वर केला. परीक्षक आले, त्यांनी दोनदा करून बघितलं आणि सुरेखाला बोलावलं.

"काय झालंय याला?"

सुरेखानं स्वतः एकदा उघडून बघितलं. प्रोग्राम मिटला.

"हे बघा मॅडम," परीक्षक म्हणाले, आणि खरं सांगायचं तर त्या खोलीत त्या वेळी तेवढा एकच माणूस माणसासारखा बोलत होता. "केंद्राच्या चुकीनं झालं असेल तर तसं दोन ओळी लिहून द्या. मी मुलीला वेळ वाढवून देतो, तुम्ही मशीन दुरुस्त करा. पण कारण लिहावं लागेल. काय झालं, कुणी केलं."

दोन ओळी हव्या होत्या. सुरेखाला त्या तोंडपाठ होत्या, दीड वर्षापासून पाठ होत्या. दारात अमरसिंहदादा फोनवर बोलत उभे होते. त्यांच्यामागं प्राचार्य, बगलेत तांबड्या नाडीची फाइल. प्राचार्य तिच्याकडं बघून नुसती मान हलवत होते, हळूहळू, डावीकडून उजवीकडं.

"सांगता येत न्हाई, सर," सुरेखा म्हणाली. "रविवारी चांगलं चालत होतं. अचानक झालं."

परीक्षकांनी वैष्णवीकडं बघितलं. "तू काही दाबलंस का, बेटा?"

पोरगी गोंधळली. तिनं सुरेखाकडं बघितलं. मॅडम काही बोलतील असं तिला वाटलं असावं. मॅडम खाली बघत होत्या. "दाबलं असंल, सर," ती म्हणाली. "दादांनी मला बटण दाबायला लावलतं व्हिडिओत. मला नीट ध्यानात न्हाई."

परीक्षकांनी सुस्कारा टाकून फॉर्म भरला: परीक्षार्थीकडून चूक, पुढील सत्रात बसावे. पुढचं सत्र म्हणजे उन्हाळा. वैष्णवी वीस मिनिटं तशीच बसून राहिली, कारण नियमाप्रमाणे त्याआधी बाहेर जाता येत नव्हतं. मग पिशवी उचलून गेली. रडली नाही. गुरुवारी टोळीची गाडी गेली.

सुरेखाचं त्या दिवसानंतर काय झालं म्हणाल तर सगळं चांगलंच झालं. दोन आठवड्यांत आदेश आला, सेवेत कायम. चंद्रभागाबाईनं गल्लीत पेढे वाटले, जो भेटेल त्याला सांगितलं, माझ्या लेकीचं झालं. प्राचार्यांनी सत्कार केला, शाल घातली, आणि दादांच्या व्हिडिओत पहिल्या रांगेमागं वाकलेली सुरेखा अर्धा सेकंद दिसते, तेही सगळ्यांनी कौतुकानं बघितलं. घरी येऊन तिनं शाल ट्रंकेत तळाशी टाकली. स्वतःची इतकी किळस तिला आयुष्यात कधी आली नव्हती, आणि ती कुणाला सांगता येण्यासारखीही नव्हती, कारण ऐकणारा प्रत्येक जण म्हणाला असता, त्यात तुझं काय चुकलं?

पौषात एका दुपारी, लॅबमध्ये असतानाच फोन वाजला. अनोळखी नंबर. मागं बैलांच्या घुंगरांचा आणि कुणाच्या तरी ओरडण्याचा आवाज.

"मॅडम, मी वैष्णवी. अभिनंदन मॅडम! म्हाळूमामानं सांगितलं, तुमचं झालं म्हणून. लई भारी वाटलं."

"कशी हायस गं?" सुरेखानं विचारलं.

"हाय की. हाताला फोड आलते, आता घट्टे पडले." मग ती म्हणाली, "मॅडम, एक विचारायचं होतं. त्या दिवशी मी नेमकं काय दाबलतं? लई आठवून बगितलं, पण ध्यानातच येईना. उन्हाळ्यात बसायला मिळालं तर पुन्ना तसं व्हायला नको, म्हणून."

सुरेखाच्या समोर एक नंबरचं मशीन होतं. तिला सगळं सांगता आलं असतं. रेपोचं नाव, ती एक ओळ, दहा सत्तावन्नची वेळ. लॅबमध्ये कुणी नव्हतं, दारही लावलेलं होतं, आणि आता तिला नोकरीवरून कुणी काढू शकत नव्हतं.

"काय न्हाई गं," ती म्हणाली. "होतं असं कधीकधी."

"माझ्यामुळं तुमच्या लॅबचं नाव खराब झालं, मॅडम. विद्यापीठात लेखी गेलं म्हणतेत. तुमी एवढं रविवारी येऊन सगळं नीट केलतं. मला माफ करा."

पलीकडून कुणीतरी वैष्णवीला हाक मारत होतं. गाडी भरायची होती.

"राहू दे," सुरेखा म्हणाली. "मी काय मनावर घेतलं न्हाई."